भिजवलेले वाल आणि अण्णांचे चिरूट

आमच्या घरात तंबाखू ओढणारा माणूस एकच, माझे सासरे. अण्णा 81 वर्षांचे आहेत, ए. जी. ऑफिसातून, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापाल कार्यालयातून, निवृत्त झालेत आणि वर्षाला पाच चिरूट ओढतात: गुढीपाडवा, वाढदिवस, दसरा, दिवाळीचा पाडवा आणि इथे ग्वाल्हेरला होणाऱ्या तानसेन संगीत समारोहातली एखादी रात्र. डॉक्टरांनी शून्य सांगितलंय. सासूबाईंनीही. पाच हा आकडा म्हणजे बऱ्याच वाटाघाटींनंतर झालेला तह आहे. मला स्वतःला तो वास सोसत नाही, अण्णा गच्चीवर गेले की मी जिना उतरून खाली येते. तरीही गेल्या मे महिन्यापासून त्या चिरुटांची तब्येत सांभाळायचं काम माझ्याकडे आलंय, कारण मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि एकदा अण्णांसमोर नको तेवढा आत्मविश्वास दाखवला.

खरं तर चिरूट आणि सिगार या दोन वेगळ्या गोष्टी. चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो. सिगारीचं एक टोक पानाची टोपी चिकटवून बंद केलेलं असतं, ओढण्याआधी ते कापावं लागतं. शब्द मूळचा तमिळ, सुरुट्टु, म्हणजे गुंडाळलेलं काहीतरी. इंग्रजांनी त्याचा चेरूट केला, आपण चिरूट. अण्णांच्या वडिलांकडे त्रिचनापल्लीचे असत आणि ते कोटाच्या खिशात, बैठकीच्या कोनाड्यात, कुठेही पडलेले असत म्हणे. तेव्हापासून आमच्या घरी जे जाड, तपकिरी आणि धुराचं, ते चिरूट. मीही तोच शब्द वापरणार.

मागच्या दिवाळीत भावजी दुबईहून आले ते अण्णांसाठी क्युबातल्या चिरुटांची पेटी घेऊन. पंचवीस. कस्टमवाले माणशी तेवढेच ड्युटी न घेता येऊ देतात. पेटी सुरेख, आतून लाकडाचा गोडसर वास. अण्णांनी ती बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवली, चांदीचा अत्तरदाणा आणि माझ्या नवऱ्याच्या शाळेतल्या ढालींच्या मधोमध. पाडव्याला एक ओढला, डिसेंबरात तानसेनच्या रात्री एक, गुढीपाडव्याला एक. तिन्ही उत्तम गेले. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात सकाळी दहापर्यंत धुकं असतं, वाळत घातलेले कपडे दोन दिवस ओले राहतात, चिरुटांना काय होणार होतं?

मग 14 मे, वाढदिवस. अण्णांनी टोपी कापली आणि कापल्या जागेपासून खालपर्यंत वरचं पान उलगडत गेलं, कांद्याची वाळकी साल सुटते तसं. हातात पापुद्रे. अण्णांनी बोटाने दाबून धरून तो तसाच ओढला, एका बाजूने भराभर जळला आणि दुसरी बाजू तशीच काळी राहिली. "यापेक्षा उदबत्ती बरी," एवढंच म्हणाले आणि खाली आले.

इथल्या हवेशी माझी जुनी ओळख आहे. माहेर अलिबागजवळचं. तिथे मिठाला पाणी सुटतं, पावसाळ्यात पापड डब्यातल्या डब्यात सादळतात, चपलांना बुरशी येते. लग्न होऊन 1999 साली ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले तीही मे महिन्यातच. चार दिवसांत ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, आणि माहेरून आणलेल्या सागवानी पेटीचं झाकण एका रात्री टक्कन आवाज करून या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकलं. मी रडवेली होऊन सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "तडकली का? म्हणजे लू सुरू झाली," आणि माठ भरायला गेल्या.

म्हणून अण्णांचा चिरूट उलगडला तेव्हा कारण मला लगेच कळलं. उपायही कळला असं वाटलं, तिथेच घोटाळा झाला.

पेटीतून सात चिरूट काढले. स्वच्छ पंचा ओला करून पिळला, त्यात गुंडाळले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद केलं आणि माठाशेजारी ठेवलं. कोरडं पडलंय ना, मग पाणी द्यायचं. सकाळी पिशवी उघडली तर पाच चिरूट अंगभर फाटले होते आणि उरलेले दोन फुगून बोटभर जाड, डागाळलेले. दुसऱ्या दिवशी त्या दोघांवर पांढरी लव दिसायला लागली.

ते फाटलेले पाच ताटलीत घेऊन बसले होते तेव्हा मला आठवले वाल. आमच्याकडे बिरड्याचे वाल भिजत घातले की आतला दाणा फुगतो, साल काही तेवढी ताणली जात नाही, मग ती फाटते आणि बोटाने दाबलं की सुटून येते. बिरडं करायचं असेल तर हे फार सोयीचं. चिरुटाचं नेमकं तेच होतं. त्याचे तीन थर असतात. आत लांब पानांचा भरणा, त्याच्यावर बांधणीचं जाड पान आणि सगळ्यांत बाहेर दिसायला देखणं असं पातळ पान, तिरकं गुंडाळून टोकाला वनस्पतीच्या डिंकाने चिकटवलेलं. हे बाहेरचं पान शिरा काढलेलं, जवळजवळ कागदाइतकं तलम. पाणी कमी झालं की ते आधी आकसतं, कारण तेच हवेला लागून आहे. आतला भरणा अजून जाडजूड असतो, त्याच्याभोवती ताणून ताणून ते तडकतं. उलट, एकदम ओलावा दिला की भरणा फुगतो आणि कोरडं, ताठर पान आतून फाटतं. दोन्हीकडून मरण बाहेरच्या पानाचंच. हे पान जेवढं तलम तेवढं नाजूक. कॅमेरूनचं किंवा कनेक्टिकटमध्ये कापडाच्या सावलीत वाढवलेलं पान पटकन तडकतं, काळपट जाड माडुरो पान त्या मानाने सोसतं.

अण्णांना सांगायचं होतंच. ते तबला वाजवायचे, आता बोटं चालत नाहीत पण जोडी अजून खोळ घालून कोपऱ्यात आहे. ताटलीकडे बघून म्हणाले, "पावसाळ्यात उतरलेली तबल्याची पुडी कोणी विस्तवावर धरतं का? धरली तर कडेच्या चाटेचं कातडं फाटणार. तू तेच केलंस, फक्त उलटं." मग आतून आपली नोंदवही आणली. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाची वही ती. त्यात निळ्या शाईने लिहिलं: '7 नग, राइट-ऑफ. कारण: सूनबाईंची घाई.' आणि खाली शिल्लक, 14.

त्या 14साठी मग मी जरा शहाण्यासारखं वागले.

पहिली गोष्ट, मोजणं. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर मागवलं, पण मीटर खरं बोलतं की नाही हे आधी तपासावं लागतं. त्यासाठी स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यावर पाण्याचे थेंब टाकायचे, ओल्या वाळूसारखं व्हावं, विरघळू द्यायचं नाही. ते बुच आणि मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या बंद हवेत आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते, मीठ कुठल्याही दुकानातलं असो. माझ्या मीटरने सकाळी 68 दाखवले. म्हणजे ते सात कमी सांगतं. मागे चिकटपट्टीवर '+7' लिहून टाकलं. हा प्रयोग मी आता वर्गातही करते, फक्त कशासाठी शिकले ते मुलांना सांगत नाही.

मग मीटर बैठकीतल्या त्या काचेच्या कपाटात ठेवून बघितलं. कपाटाच्या बरोबर समोर खिडकीतला कूलर. दुपारी कूलर चालू असताना 58, पहाटे, रात्रभर कूलर बंद राहिल्यावर, 24. दुरुस्ती धरून. रोज एवढा झोका. म्हणजे कोरडेपणा होताच, पण त्याहून वाईट म्हणजे पान दिवसातून एकदा ओलावून सैल व्हायचं आणि एकदा आकसायचं, महिनाभर. तारसुद्धा पुन्हापुन्हा वाकवली की तुटते.

लोक मला म्हणाले, एसीच्या खोलीत ठेवा. माझ्या खोलीत एसी आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. बाहेर 44 अंशाला 15 टक्के आर्द्रता असलेली हवा 26 अंशापर्यंत नुसती थंड केली तर तिची सापेक्ष आर्द्रता साधारण 40 होते, त्यात एसी तिच्यातलं थोडं पाणी काढूनही घेऊ शकतो. चिरुटांना हवी असते 65 ते 70च्या घरात. पुस्तकी नियम 70 टक्के आणि 21 अंश असा आहे, पण तो लिहिणारा मे महिन्यात आमच्या शिंदे की छावणीत राहिला नसावा. फ्रिजही नाही. फ्रिज पाणी शोषून घेतो, शिवाय चिरुटाला लसणीचा वास लागतो.

तेव्हा बंद डबा. आधी मी ऑनलाइन एक लाकडी पेटी मागवली होती, काचेचं झाकण, वर गोल काट्याचं मीटर. काटा आल्या दिवसापासून 70वर, कूलरसमोर ठेवा की देवघरात. आत मोबाईलचा टॉर्च लावून अंधारात झाकण बंद केलं तर चारी कडांनी उजेड. झाकणात दहाची नोट अडकवून ओढली, सुळकन बाहेर. पेटीत आता सासूबाईंच्या बांगड्या असतात. त्यांना आवडली.

चिरुटांसाठी मी घेतला रबराची कड आणि चार कड्या असलेला प्लास्टिकचा डबा, ज्यात लोक डाळी ठेवतात तसला. त्यात क्युबाची मूळ पेटी तशीच्या तशी, झाकण मिटून. त्या पेटीच्या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणतात, ते ना स्पेनचं ना देवदार. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं महोगनीच्या कुळातलं झाड आहे, आपल्याकडचा तुण त्याचाच भाऊबंद. हे लाकूड ओलावा धरतं आणि सावकाश सोडतं, म्हणून पेटी काढून टाकायची नाही. डब्यात आर्द्रता राखण्यासाठी बोव्हेडा कंपनीची तयार पुडी. पुडीत काही जादू नाही, मिठाच्या परीक्षेचंच तत्त्व आहे: क्षारांचं दाट द्रावण, वरच्या आवरणातून वाफ आतबाहेर जाते, पाणी जात नाही. हवा कोरडी असेल तर पुडी पाणी देते, दमट असेल तर घेते. 62, 65, 69, 72 टक्के अशा आकड्यांच्या मिळतात. 60 ग्रॅमची एक पुडी साधारण 25 चिरुटांना पुरते. पुडी आतून कडक, खडखडीत लागली की संपली. जुन्या पद्धतीचा स्पंज असेल तर त्याला नळाचं पाणी कधीच घालू नये, पाणी उडून जातं आणि क्षार स्पंजमध्ये साठतात. डिस्टिल्ड पाणी लागतं. आणि अण्णांचे वडील ठेवायचे तशी बटाट्याची चकती तर मुळीच नको. बुरशीला ते पंक्तीचं आमंत्रण.

आता खरी कसोटी, वाळलेल्यांना परत आणायचं. पहिल्यांदा 62ची पुडी ठेवली, 69ची नाही. डबा उघडायचा नाही, आठवड्यातून एकदा फक्त चिरूट अर्धा वळवायचे, की सगळ्या बाजूंनी सारखं लागावं. सराफ्यातल्या एका दुकानातून सोनं तोलायचा खिशातला काटा आणला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा, आणि एका चिरुटाच्या कागदी पट्टीवर बारीक खूण करून दर रविवारी त्यालाच तोललं. पहिल्या दिवशी 10.14 ग्रॅम. आठवड्याने 10.29. मग 10.41. महिन्याने वाढ थांबत आली तेव्हा पुडी बदलून 65ची घातली. सहाव्या आठवड्याला 10.71, त्यानंतर काटा हलला नाही. अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त पाणी, आणि तेवढ्यासाठी दीड महिना. मी एका रात्रीत करायला निघाले होते.

काट्याशिवायही कळतं. अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबायचं. कुरकुर ऐकू आली तर अजून कोरडा. दबून परत वर आला तर बरोबर. दबलेलाच राहिला तर पाणी जास्त झालंय. कणीक झाली की नाही हे कळायला जशी वाटी-चमच्याची गरज नसते. मात्र एक गोष्ट परत येत नाही: फार दिवस वाळलेल्या पानातली सुगंधी तेलं उडून जातात, ओलावा आला तरी ती येत नाहीत. अण्णांचे जेमतेम महिना-दीड महिना तापले होते, म्हणून वाचले.

एकाला टोपीपाशी नखाएवढी चीर होती. हिवाळ्यात डिंकाचे लाडू करते त्या डिंकाचा खडा कोमट पाण्यात विरघळवून काडीच्या टोकाने लावला, चीर दाबून धरली, बोटभर कागद गुंडाळला. चिकटली. अण्णांनी त्याचं नाव 'प्लास्टर' ठेवलं.

उष्णतेचं मात्र डब्याने काही होत नाही. तंबाखूत एक बारीक तपकिरी भुंगेरा असतो, त्याची अंडी पानात आधीपासूनच असू शकतात, आणि 24-25 अंशांच्या वर हवा गेली की ती उबतात. मग चिरुटाला टाचणीएवढी भोकं, आणि एकाला लागले की सगळ्यांना. त्यावर उपाय म्हणजे नीट बंद केलेल्या पिशवीत तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. हेही टप्प्याटप्प्यानेच, नाहीतर परत तडे. आमच्या फ्रीझरमध्ये तेव्हा मटार होते. सासूबाई म्हणाल्या, "आता हा फ्रिजही गच्चीवर न्या." डबा आता देवघरामागच्या कोठीत असतो. जुन्या वाड्याची दीड हात जाड भिंत, खिडकी नाही, मे महिन्यातही बैठकीपेक्षा पाच-सहा अंश कमी.

इथल्या शिंद्यांच्या जयविलास महालात चांदीची छोटी आगगाडी आहे ना, शाळेची सहल घेऊन गेले की मुलं तिथून हलत नाहीत. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरायची, पाहुण्यांना ब्रँडी आणि चिरूट पोचवायची, कुणी बाटली उचलली की थांबायची. यंदा जुलैत गेले तेव्हा गाइड नेहमीची गोष्ट सांगत होता आणि मी मनात विचार करत होते की या गाडीच्या उघड्या डब्यातले चिरूट उन्हाळ्यात किती तास टिकत असतील. बहुधा एका फेरीत संपत असतील, तडकायला सवड कुठे.

जुलैत उलटा खेळ. बाहेर 85, 90. गजक मऊ, चिवडा मऊ, वहीची पानं मऊ. डब्यात 65. एकदा मीच तपासायला डबा उघडा ठेवून फोनवर बोलत बसले, वीस मिनिटांत 74. बंद केल्यावर परत उतरायला दिवस लागला. तेव्हापासून नियम: आठवड्यातून एकदा, तेही पटकन. अण्णांना मात्र रोज आकडा हवा असतो. म्हणून मीटर डब्याच्या आतल्या बाजूला, पारदर्शक भिंतीला टेकवून लावलंय. सकाळी पूजा झाली की ते कोठीत जातात, चष्मा वर करून बघतात, सात मिळवतात आणि वहीत तारखेपुढे लिहितात. 65. 65. 66. 65. एखाद्या तान्ह्या बाळाचा ताप लिहावा तसं.

दसऱ्याला पहिला काढला, सोनं वाटून झाल्यावर. गच्चीवर सगळे उभे. या वेळी मीही खाली गेले नाही. अण्णांनी टोपी कापली, थोडा वेळ बोटांत फिरवला, कान लावून दाबला. काही आवाज नाही. पेटवला. राख एक इंचापर्यंत तशीच उभी राहिली, सरळ, राखाडी. भावजींना व्हिडिओ पाठवला. दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी मुद्दाम 'प्लास्टर' निवडला, तोही टिकला, चीर होती तिथे नुसती एक रेघ.

भावजी फेब्रुवारीत परत येतायत. मी म्हटलं, या वेळी दहाच आणा, मला एवढे सांभाळत बसायला वेळ नाही. अण्णांचं म्हणणं पंचवीसला परवानगी आहे, तर परवानगी वाया का घालवायची.

परवा रविवारी डबा उघडला, वळवायला. वहीप्रमाणे शिल्लक 12. मोजले, 11. परत मोजले. अण्णा दारातच उभे होते. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून आकडा बघितला, पेटीकडे बघितलं, आणि अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "तफावत दिसतेय खरी. सध्या तपासाधीन लिहून ठेव." आणि सासूबाई स्वयंपाकघरात आहेत ना, हे वळून एकदा पाहून घेतलं.